गाडी पाण्याला उभी आहे

९ जानेवारी, मंगळवार

उशीर झाला. उशीर झाला! स्टेशनावरच्या चहावालीचं बाळ गेलं.

सकाळी तिचा नवरा धावत आला — "मावशी, चला, कळा सुरू झाल्यात." पिशवी उचलली आणि निघाले. फाटकापाशी येते तर मालगाडी आडवी. इंजिन तिकडे नळाखाली पाणी पीत उभं आणि शेपूट इकडे आमच्या रस्त्यावर. फाटकवाला — याला सारं गाव डुलकी म्हणतं आणि तो नावाला जागतो — जागेवरूनच म्हणाला, "गाडी पाण्याला उभी आहे, मावशी. निघेल आता."

याचं 'आता' मला चांगलं माहीत आहे. डब्याखालून जायला वाकले. डुलकीने खांद्याला धरून मागे खेचलं. "झटका बसला तर दोन तुकडे होतील!" आणि तेवढ्यात खरंच झटका बसला, सगळे डबे एकमेकांवर आपटत गेले. डुलकीचे आभार मानायला हवेत. आज जमत नाही. चहावालीचा नवरा माझ्या शेजारी मुठी आवळून उभा होता. रोज तोच इंजिनात कोळसा टाकतो. आज त्याच्याच गाडीने त्याला अडवलं.

पलीकडे चाळीत पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. नाळ गळ्याला होती. दोन बोटं सरकवायची, वेढा डोक्यावरून काढायचा, झालं. दोन बोटांचं काम! शेजारणी पाच-सहा होत्या, पण एकीलाही ते माहीत नव्हतं. चहावाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. मला एवढंच म्हणाली, "कुठे होतीस?"

फाटकात होते. आणखी कुठे असणार.

१० जानेवारी, बुधवार

राग जात नाही. राग कुणावर काढायचा तेही कळत नाही. गाडीवर काढावा तर गाडीशिवाय हे गावच नव्हतं!

इंजिनाला तहान लागते म्हणून हे गाव आहे, दुसरं काही कारण नाही. रूळ टाकत आले, इथे पाणी गोडं लागलं, म्हणून विहीर खणली. हे त्या विहिरीवर खणायला होते. (हे गेले, विहीर आहे.) खणणाऱ्यांनी जिथे जागा मिळाली तिथे खोपटी घातली, त्यांचंच हे अलीकडचं गाव — एक गल्ली सरळ नाही. मग पलीकडे टाकी, नळ, स्टेशन, रेल्वेच्या चाळी. त्या मात्र दोरी लावून बांधलेल्या. चाळींमागून वखारी आल्या, वखारींमागून दुकानं. आमच्या बाजूच्या दुकानदारांनी तर कमालच केली. त्यांची दारं विहिरीकडे होती. मागची भिंत फोडून स्टेशनकडे दार केलं आणि जुनं दार बुजवून टाकलं. अख्ख्या बाजाराने कूस बदलली! अजून त्या गल्लीतून जाताना वाटतं, सगळे आपल्यावर रुसून पाठ फिरवून बसलेत.

माझी लेक पहिल्या गाडीच्या आठवड्यातली. इंजिनाने शिट्टी दिली की रडायची, म्हणून तिला शिट्टीच म्हणायला लागलो. तिच्यानंतर या गावात जन्मलेलं प्रत्येक डोकं आधी माझ्या हातात आलंय. वखारवाल्यांची नातवंडं, डुलकीची चारही. कालपर्यंत मला या गोष्टीचा फार तोरा होता.

आणि शिट्टीला दिलीय पलीकडे. जावई सांधेवाला, रूळ बदलायचे, डबे जोडायचे-सोडायचे हे त्याचं काम, रेल्वेच्या चाळीत राहतो. तिला सातवा महिना लागलाय.

१४ जानेवारी, रविवार

वखारीत गेले. गावातली वजनदार मंडळी तिथेच बसतात, पोत्यांवर. म्हटलं, रेल्वेला सांगा, फाटक अडवून गाडी उभी करू नका.

वखारवाले हसले. "मावशी, गाडी उभी आहे म्हणून गाव उभं आहे."

दुसरा म्हणाला, पुढच्या स्टेशनातले लोक टपूनच बसलेत. आपण कुरकुर केली की टाकी तिकडे जाईल. मग आपण विहिरीभोवती फेर धरायचा का?

मी म्हटलं, पोर गेलं त्याचं काय?

मग वखारवाले अगदी मायेने म्हणाले, "तुम्ही पलीकडे राहायलाच या ना. खोली देतो. कशाला या गल्लीत धरून बसलाय?"

मला मायेने बोलणाऱ्यांचा जास्त राग येतो. मी पलीकडे गेले तर अलीकडच्या बायकांनी काय करायचं? त्यांच्यासाठी फाटक उघडं राहणार आहे का? हे बोलले तर म्हणतात, "तेही खरंच." खरं आहे म्हणतात आणि पोत्यावर मांडी बदलतात!

१५ जानेवारी, सोमवार

स्टेशनमास्तरला भेटले. नवीन आलेला, तरुण, फार सभ्य. खुर्ची दिली. म्हणाला, "माझ्या हातात काही नाही, मावशी." त्याच्या हातात हिरवा झेंडा होता.

त्याची बायको दारात उभी होती. आठवा संपत आलाय. तिने मला नुसतं पाहिलं, आणि तिच्या मनात काय आहे ते मला तिथून कळलं.

१९ जानेवारी, शुक्रवार

डुलकीला विचारलं, उभी गाडी मधे तोडता येते का रे? म्हणाला, "येते की. साखळी सोडायची, पुढचे डबे जरा पुढे ओढायचे, रस्ता मोकळा. माणूस पार झाला की मागे आणून परत जोडायचं."

मग तोडत का नाहीत?

"कुणी सांगत नाही."

ठीक आहे. आता मी सांगणार.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पलीकडच्या चाळींत घरोघर जाऊन आले. सांगितलं, मी वेळेवर पोचेन याचा भरवसा नाही, तेव्हा दिवस भरत आले की माझ्याकडे येऊन राहायचं. दोन खोल्या आहेत, ओसरी आहे, होईल सोय. आणि येताना धाकटी पोरंही आणा, नाहीतर जीव तिकडे अडकेल.

"आणि घरी यांचं जेवणखाण?" एकीने विचारलं.

त्यांना हात आहेत, मी म्हटलं.

बायका हसल्या. मला हसण्यातून होकार ओळखता येतो.

६ फेब्रुवारी, मंगळवार

घर भरलं! गार्डची बायको, टाकीवाल्याची सून, आणि आज दुपारी कोण यावं — मास्तरीणबाई! ट्रंक घेऊन! शिट्टीचे दिवस लांब आहेत पण ती सगळ्यांच्या आधी आली, मदत करते म्हणून. मदत कसली, दिवसभर खिदळणं चाललंय. ओसरीवर पोटं सावरत बसलेल्या बायका बघून गल्लीतली म्हातारी म्हणाली, "हे काय, कलिंगडांचा बाजार भरला का?"

चहावालीही आली. किटली आणि पेले खाली ठेवले, सगळ्यांना चहा ओतला. माझ्याशी बोलली नाही. माझा पेला मात्र भरला.

११ फेब्रुवारी, रविवार

पलीकडचे हाल डुलकी येऊन सांगतो. गार्डने डाळ करपवली आणि भांडंच फेकून दिलं. टाकीवाल्याचा मुलगा तीन दिवस फुटाण्यांवर आहे. मास्तर बिनइस्त्रीचा कोट घालून गाडीसमोर उभा राहतो. माझा जावई एकटा शहाणा — त्याला स्वयंपाक येतो. सगळे त्याच्या दारात ताट घेऊन उभे!

खूप दिवसांनी पोट धरून हसले.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरीणबाईंना मुलगा झाला. भर दुपारी, काही त्रास नाही. चहावाली किटली घेऊन आली ती आतच राहिली. हाकलून द्यावं असं मला वाटलं — हिने आत्ता, हे बघायचं? पण ती उशाशी बसली, मास्तरीणबाईंचे हात धरले, आणि डोळे माझ्या बोटांवर. एकदाही नजर हलवली नाही.

संध्याकाळी मास्तर आला. मालगाडी उभी होती म्हणून त्यालाही फाटकात थांबावं लागलं होतं, स्वतःच्या मुलाला बघायला! मुलगा त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "अडल्यानडल्याला गाडी तोडायची. मी जबाबदारी घेतो. डुलकीने लाल झेंडा दाखवायचा, की तोडतील."

जिंकले! पोत्यांवरची मंडळी, ऐकताय ना?

१ मार्च, गुरुवार

आज पहिल्यांदा गाडी तोडली. टाकीवाल्याची सून घरी परत गेली होती, तिला तिकडेच कळा सुरू झाल्या. फाटकात येते तर गाडी. डुलकीने झेंडा दाखवला — आज टक्क जागा होता, एवढं महत्त्वाचं काम त्याला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. खणखण आवाज, पुढचे डबे सरकले, आणि मधे रस्ता! गाडीच्या पोटातून मी चालत गेले. दोन्ही बाजूंना लोक जमलेले. वखारवालेसुद्धा. मी ताठ मानेने गेले, खोटं कशाला लिहू.

मुलगी झाली. छान आहे.

जाताना पार झाल्यावर मागे वळून पाहिलं होतं — डबे परत जोडायला दोन डब्यांच्या लोखंडी बफरांच्या मधे वाकून माझा जावई उतरला होता. पाठीमागून डबे येतायत आणि हा मधे. साखळी अडकवली, बाहेर आला, मला बघून हसला. "रस्ता बरा होता ना, आई?"

त्याचं हे काम आहे हे मला माहीतच होतं. सांधेवाला आहे, तोच करणार. पण माहीत असणं वेगळं.

६ मार्च, मंगळवार

जावयाची दोन बोटं चेचली. डाव्या हाताची. आज अलीकडच्या म्हाताऱ्याला डॉक्टरकडे न्यायला गाडी तोडली, जोडताना डबा अंदाजापेक्षा जोरात आला. हात गेला असता. तो गेला असता.

मीच बांधलं बोटांना. तो दात आवळून म्हणाला, "काही नाही हो, बोटंच आहेत." शिट्टी माझ्याकडून धावत आली होती. नवऱ्यासमोर बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली —

"गाडी तोडा, गाडी तोडा. मधे कोण उतरणार, ते विचारलं होतंस का, आई?"

नव्हतं विचारलं.

ती आता तिथेच राहणार म्हणते, चाळीत. त्याला एका हाताने भाकरी थापता येत नाही. मी तिला ओढून आणू शकत नाही. आणू नये. पण तिचं पहिलं बाळंतपण, आणि ती पलीकडे! जिच्यासाठी सगळं केलं तीच.

७ मार्च, बुधवार

मास्तरकडे जाणार होते. हे काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगायला. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. दुसरा म्हणजे कोण? तोही माझ्याच हातात आलेला असणार, किंवा त्याची पोरं. कुणाच्या मुलाला मधे उतरवायचं ते मी ठरवू?

आणि बंद करा म्हणू? म्हातारा वाचला काल.

दिवसभर हेच. डोकं फिरायची वेळ आली. जेवले नाही.

९ मार्च, शुक्रवार

सुचलं. इतकं सोपं आहे की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

मी पलीकडे जायचं, मी पलीकडे जायचं — दोन महिने हेच. मीच कशाला जायला हवं? पलीकडे दुसरे हात का नकोत? त्या दिवशी गाडीने मला अडवलं हे खरं, पण शेजारणींना तेवढं शिकवून ठेवायला मला कुणी अडवलं होतं? कुणी नाही. कधी मनातच आलं नाही. माझ्या हातात आलेली डोकी मोजत बसले होते.

हे लिहायला जड जातंय. पण लिहिलं.

१० मार्च, शनिवार

चहाच्या टपरीवर गेले. गाडी नुकतीच गेली होती, पेले विसळत होती. म्हटलं, बाळंतपण करायला शिकशील? मी शिकवते.

"माझ्या हाताला चहा बरा," ती म्हणाली. पेले विसळतच राहिली.

मी म्हटलं, त्या दिवशी मास्तरीणबाईंकडे तू काय बघत होतीस, मला माहीत आहे.

पेला खाली ठेवला. हात पुसले, नीट, एकेक बोट. आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "आधी ते दाखव. ती दोन बोटं."

तिथेच दाखवलं. कापडाचं बोचकं घेतलं, किटलीला बांधायची दोरी घेतली. एक वेढा. सैल असला तर डोक्यावरून काढायचा. दोन वेढे. घट्ट असला तर काय करायचं. तिचं एकच चालू — परत दाखव, परत दाखव. पुढची गाडी आली, लोक चहा-चहा ओरडायला लागले, तेव्हा कुठे उठली. डोळे कोरडे होते. माझेच नव्हते.

२५ मार्च, रविवार

शिकवणं चालू. बाई हट्टी आहे आणि तोंडाने फटकळ. "तू हात असा का धरतेस?" मी असाच धरत आलेय म्हटलं तर म्हणते, "ते कारण नाही झालं." या वयात मला कारणं द्यावी लागतायत! पण हात चांगला आहे. गरम पेल्यांची सवय, घाई नाही, थरथर नाही.

गार्डच्या बायकोला मुलगा झाला, अलीकडे, माझ्याच घरी. अर्धं काम तिला करू दिलं. अर्धंच. शेवटच्या क्षणी मीच पुढे झाले. गरज नव्हती. सवय!

८ एप्रिल, रविवार

जावई कामावर परतला. हात अजून बांधलेलाच, डाव्या हाताची पकड नाही. मास्तर म्हणतो माणूस नाही दुसरा. वखारवाल्यांच्या वखारी वाढतायत, गाड्या लांबतायत, आणखी एक चाळ बांधायला काढलीय. गाव असंच वाढणार, फाटकाच्या दोन्ही अंगांनी. नवीन चाळीत नवीन बायका येतील. एकटी मी किती जणींना पुरणार?

शिट्टीला नववा पुरत आला. डोकं खाली आहे, सगळं ठीक. म्हटलं, येतेस का घरी? नवऱ्याच्या हाताकडे बघितलं आणि मान हलवली. मीही पुन्हा विचारलं नाही.

चहावालीला सांगून ठेवलंय — गाडी असली तर माझी वाट बघायची नाही. ती म्हणाली, "लेक आहे तुझी. काही झालं तर?"

मी म्हटलं, झालं तर मी तुला 'कुठे होतीस' असं विचारणार नाही.

किटली पुन्हा शेगडीवर ठेवली. मग चहा दिला.

२० एप्रिल, शुक्रवार

शिट्टीकडून बोलावणं आलं. बाहेर झिमझिम आहे. निघते.

२१ एप्रिल, शनिवार

काल फाटकात गाडी होती. लांबलचक. डुलकी धावत आला, झेंडा हातात. "दाखवू, मावशी? तुमचे जावईच आहेत कामावर, लगेच तोडतील." डब्यांच्या खालून पलीकडे बघितलं. चिखलात दोन पाय दिसले, साखळीपाशीच उभे. वाट बघत होता तो माझ्या झेंड्याची. ओले बफर आणि त्याचा एक हात.

"चहावाली गेली का आत?"

"केव्हाच."

"मग नको," मी म्हटलं. आणि उभी राहिले. गाडीचं पाणी पिऊन होईपर्यंत, शेवटचा डबा जाईपर्यंत, भिजत.

नाळ गळ्याला होती. एक वेढा. तिने काढला.

मुलगी आहे. फार मोठ्याने रडते, आईसारखी. शिट्टीनंतर या गावात जिवंत जन्मलेलं पहिलं मूल, जे माझ्या हातचं नाही.